बहिर्दिशा

मराठीत ‘बाहेर जाणे’ या शब्दप्रयोगाला एके काळी दोन अर्थ होते. एक आजचाच, घराबाहेर पडण्याचा; दुसरा परसाकडे जाण्याचा. ‘बहिर्दिशेस जाणे’ हा त्या दुसऱ्या अर्थाचाच सोवळ्यातला अवतार. घरोघरी संडास आले आणि हा अर्थ मागे पडला. आता पदवीच्या वर्गात एखाद्या जुन्या उताऱ्यात ‘बहिर्दिशा’ आली, तर मुले तिचा अर्थ ‘परदेश’ असा करतात आणि त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नसतो. माझ्यापुरते मात्र २०१४ पासून हे दोन्ही अर्थ पुन्हा एकत्र आले आहेत. पहिल्या अर्थाने बाहेर जायचे असेल, तर दुसऱ्या अर्थाचा बंदोबस्त आधी करावा लागतो. आणि तो झाला नाही, तर व्याख्यान, चर्चासत्र, लग्न, नाटक यांपैकी कशालाही अर्थ उरत नाही.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात घाटात आमची गाडी कलंडली आणि माझ्या पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला इजा झाली. डॉक्टरांच्या भाषेत ‘डी-१०’. म्हणजे बेंबीच्या आसपासपासून खाली संवेदना नाही, हालचाल नाही. हात शाबूत, वाचा शाबूत, नोकरीही पुढे शाबूत राहिली. पाय चालत नाहीत हे लोकांना दिसते, त्यामुळे त्याविषयी लोक बोलतात, हळहळतात, उतार बांधतात. पायांबरोबरच मूत्राशय आणि आतडे यांचाही मेंदूशी असलेला संवाद तुटलेला असतो, हे दिसत नाही. म्हणून त्याविषयी कोणी बोलत नाही. वास्तविक, मज्जारज्जूला इजा झालेल्या कोणालाही विचारून पाहावे: दोहोंपैकी एकच गोष्ट परत मिळणार असेल तर काय मागाल? पुष्कळ जण पाय मागणार नाहीत. मी तरी मागणार नाही.

आपल्या भाषेने या देहधर्मांना ‘लघुशंका’ आणि ‘दीर्घशंका’ अशी सभ्य नावे दिली आहेत. त्यांतील ‘शंका’ या शब्दाकडे मी पूर्वी कधी लक्ष दिले नव्हते. शरीर हळूच सुचवते, आपल्याला शंका येते, आपण उठतो. माझ्या शरीराला आता शंकाच येत नाही. भरलेले मूत्राशय मला काही कळवत नाही. एका मर्यादेनंतर ते परस्पर आकुंचन पावते आणि जे व्हायचे ते होऊन जाते. शंकेची जागा म्हणून घड्याळाने घेतली आहे. दर चार ते पाच तासांनी बारा नंबरची नळी स्वतःच्या हाताने घालून मूत्राशय रिकामे करायचे; एका वेळचे माप चारशे-पाचशे मिलिलिटरच्या वर जाऊ द्यायचे नाही. तसे जाऊ लागले तर मूत्र वर मूत्रपिंडाकडे दाब टाकते, जंतुसंसर्ग होतो, खडे होतात. ज्यांची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर असते, त्यांना तर तुंबलेल्या मूत्राशयामुळे रक्तदाब एकाएकी भयानक चढून जिवावर बेतू शकते. तेव्हा ‘थोडा वेळ थांबा’ हे वाक्य आमच्या बाबतीत निरुपद्रवी नाही.

ही नळी म्हणजे माझे दुर्दैव, असे भेटायला येणाऱ्यांना वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी मज्जारज्जूच्या इजेचे बहुसंख्य रुग्ण मूळ जखमेने नव्हे, तर मूत्रमार्गाच्या संसर्गाने आणि अंथरुणाला लागून झालेल्या जखमांनी मरत. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे लुडविग गुटमान यांनी असे रुग्ण जगवता येतात, कामाला लावता येतात, हे दाखवायला सुरुवात केली. १९४८ साली त्यांनीच रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीतील सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. तिच्यातून पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. पण मूत्राशय वेळोवेळी नळीने रिकामे करायचे, तर ते काटेकोर निर्जंतुक पद्धतीनेच, असा तेव्हा दंडक होता. निर्जंतुक म्हटले की परिचारिका आली, रुग्णालय आले. आणि रुग्णालय आले की बाहेर जाणे संपले. १९७२ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील जॅक लॅपिडिस यांनी सांगितले की नळी निर्जंतुक नसली तरी चालेल, स्वच्छ असली तर पुरे. वेळ पाळणे आणि मूत्राशय ताणू न देणे अधिक महत्त्वाचे. एवढ्याशा वाक्याने किती माणसे खाटेवरून उठली असतील! साबणाने हात धुता आले आणि दार लावता आले, की ते काम जगात कुठेही करता येते. मी आज वर्गात शिकवते, परगावी बोलायला जाते, त्याचे श्रेय माझ्या तथाकथित जिद्दीपेक्षा या शोधाला अधिक आहे.

जाण्याची तयारी कशी असते, हे सविस्तर सांगते; वाचकांनी नाक मुरडू नये. आतड्यांचा कार्यक्रम माझा एक दिवसाआड सकाळी असतो. जेवणानंतर किंवा गरम पेय घेतल्यानंतर अर्ध्या तासात आतडी आपणहून हालचाल करतात, त्या लाटेचा फायदा घ्यायचा. औषधी वडी बसवायची, हातमोजा घालून बोटाने उद्दीपन द्यायचे, कमोडच्या खुर्चीवर वाट पाहायची. सगळे धरून तास-सव्वा तास. हे वेळापत्रक शरीराला महिनोन्महिने शिकवलेले असते. आयत्या वेळी ‘आजचे उद्या’ करता येत नाही. म्हणून एखाद्या गुरुवारी पहाटे निघायचे असेल आणि कार्यक्रमाचा वार नेमका गुरुवार येत असेल, तर आठ-दहा दिवस आधीपासून दिवस सरकवत आणावे लागतात. आदल्या दोन दिवसांत बाहेरचे खायचे नाही. कोणाच्या घरचे मुंजीचे जेवण मध्ये आले तर ‘पथ्य आहे’ एवढेच सांगायचे. निमंत्रणपत्रिकेवर एक तारीख असते. माझ्या दिनदर्शिकेवर तिने पंधरवडा व्यापलेला असतो.

पिशवीत सहा नळ्या, जेल, ओले रुमाल, छोटा आरसा, मोजपात्र, प्लॅस्टिकच्या बंद पिशव्या, बिछान्यावर पसरायचा शोषक कागद, एक जादा सलवार. रंग शक्यतो गडद. प्रवासात आणि मंचावर दर वीस-पंचवीस मिनिटांनी हातांवर शरीर उचलून किंवा पुढे वाकून बैठकीवरचा भार काढायचा, नाहीतर कातडीला जखम होते आणि ती भरायला महिने लागतात. (पुढे वाकते तेव्हा शेजारच्या अध्यक्षांना मी नम्र झाले आहे असे वाटते. तो गैरसमज मी दूर करीत नाही.) मूत्राशय अवेळी आकुंचन पावू नये म्हणून गोळी घेते, तिने तोंड कोरडे पडते. बोलण्यावर पोट असलेल्या माणसाचे तोंड कोरडे पडावे, आणि ते ओले करायला पाणी प्यावे तर पुन्हा मूत्राशय भरावे! हा पेच कोणाही नाटककाराला सुचला नसता.

आणि मग चहा. परगावी गेल्यावर प्राचार्यांच्या दालनात एक चहा, विभागप्रमुखांकडे एक, मध्यंतरात एक. ‘नको’ म्हटले की ‘अर्धा कप तरी’. आपल्याकडे चहा नाकारणे म्हणजे माणूस नाकारणे. पूर्वी मी यावर उपाय म्हणून आदल्या रात्रीपासून पाणीच तोडत असे. तो उपाय नव्हे, अपाय आहे, हे दोनदा तापाने फणफणल्यावर कळले. मात्र ही क्लृप्ती मी काही अपघातानंतर शिकले नव्हते. नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माझ्यासारख्या सगळ्या प्राध्यापिका तालुक्याच्या गावी परीक्षेच्या कामाला जाताना, एस.टी.च्या लांबच्या प्रवासात, पाणी कमी पीतच होत्या. त्याविषयीही आम्ही कधी काही लिहिले नाही.

आता प्रस्तुत लेखाचे निमित्त सांगते. काही काळापूर्वी एका महाविद्यालयात स्त्रियांच्या आत्मकथनांवर चर्चासत्र होते. संयोजक तरुण, अभ्यासू, मनापासून आदर असलेले. मी फोनवर विचारले, ‘तुमच्याकडे सोय आहे ना?’ ते म्हणाले, ‘मॅडम, रॅम्प आहे. आणि स्वच्छतागृहही आहे, नॅकच्या वेळी बांधलंय.’ मी निश्चिंत झाले. पहाटे निघालो, वाटेत पेट्रोलपंपावरच्या स्वच्छतागृहाला सहा इंचांची पायरी आणि दार जेमतेम दोन फुटी, म्हणून नेहमीप्रमाणे गाडीतच मागच्या आसनावर ओढणीचा आडोसा करून काम उरकले, नवरा दाराशी पाठ करून उभा. घड्याळात पावणेनऊ. म्हणजे पुढची वेळ जास्तीत जास्त पावणेदोन. उद्घाटन साडेदहाला, माझा निबंध साडेअकराला. हिशेब चोख होता.

उद्घाटक बारा वाजता आले. मंचाला चार पायऱ्या होत्या. ‘रॅम्प’ इमारतीला होता, मंचाला नव्हता. चार विद्यार्थ्यांनी मला खुर्चीसकट उचलून वर ठेवले, टाळ्या पडल्या. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक. माझा निबंध एक वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला. तो स्त्रीच्या लेखनातील देहाविषयी होता. स्त्रियांनी आपल्या देहाविषयी बोलताना भाषेशी कसा झगडा केला, मलिका अमर शेख यांच्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’पर्यंत ती भाषा कुठवर आली, असे बरेच काही मी बोलले. लोकांना आवडलेही. मग अध्यक्षीय भाषण सुरू झाले. पावणेदोन वाजले. दोन वाजले. खाली उतरायचे तर चार मुलांना बोलावावे लागणार होते, अध्यक्षांना थांबावे लागणार होते, आणि कशासाठी हे ध्वनिक्षेपकाशेजारी बसून कुजबुजत का होईना सांगावे लागणार होते. देहाच्या भाषेवर नुकतीच वीस मिनिटे बोललेली मी एक वाक्य बोलू शकले नाही. सव्वादोनला भाषण संपले, तेव्हा सांगण्यासारखे काही उरले नव्हते. गडद सलवारीने दिसू दिले नाही. वास मात्र मला येत होता, आणि शेजारच्या बाईंनाही येत असावा. त्यांनी फार सभ्यपणे मान दुसरीकडे वळवली.

पुढचे थोडक्यात. नॅकसाठी बांधलेल्या त्या स्वच्छतागृहाला कुलूप होते आणि किल्ली ज्यांच्याकडे ती लिपिकबाई रजेवर. त्याचा अक्षांश-रेखांशासह छापलेला फोटो स्वयं-अध्ययन अहवालात नक्कीच असणार. संयोजक बिचारे घामाघूम. ‘मॅडमना जरा फ्रेश व्हायचंय’, असे ते ज्याला त्याला सांगत होते आणि कोणालाच नीट कळत नव्हते. एकाने थंड पाण्याची बाटली आणून दिली. अखेर सफाईच्या मावशी आल्या. माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, ‘ताई, मुतायचं होतं तर आदी सांगायचं. मोठ्या मानसांपुढं लाजून कसं चालंल?’ त्यांनी कुठून तरी दुसरी किल्ली पैदा केली, आतले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि मोडकी बाके बाहेर ओढली, बादली भरून ठेवली, आणि दाराला आतून कडी नव्हती म्हणून बाहेर पाठ लावून उभ्या राहिल्या. त्यानंतर चार दिवस ताप, प्रतिजैविके, दोन तास बुडालेले. हे आता नित्याचेच.

मावशींच्या तोंडच्या शब्दाने मला बरे वाटले, हे खरे. पण त्यावरून अडाणी माणसाच्या निरागस शहाणपणाचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. त्यांना तो शब्द उच्चारता येतो, कारण ती जागा धुण्याचे काम समाजाने त्यांच्यावर सोपवले आहे. आम्हाला उच्चारता येत नाही, कारण ते काम दुसऱ्यावर सोपवण्याची ऐपत आमच्यात आहे. भाषेतील सोवळेओवळे असे श्रमांच्या वाटणीतून आलेले आहे. ‘बलुतं’ १९७८ साली आले तेव्हा मराठी अभिरुचीला जो धक्का बसला, त्याचे एक कारण हेही होते की आजवर गावाबाहेर ठेवलेल्या गोष्टी पुस्तकात आल्या. तो धक्का आपण पचवला, अभ्यासक्रमात लावला, त्यावर प्रश्न काढले. मध्यमवर्गीय प्राध्यापकाच्या स्वतःच्या मूत्राशयापर्यंत मात्र तो पोहोचलेला दिसत नाही.

अपंग माणसाला आपल्या भाषेने दोनच जागा दिल्या आहेत, कीव आणि सत्कार. गीतेच्या ध्यानश्लोकांतला पांगळा कृपेने डोंगर ओलांडतो. वाटेत तो कुठे थांबला, हे कोणी विचारत नाही. सत्काराच्या भाषणांतली ‘जिद्द’ त्याच श्लोकाची लौकिक आवृत्ती आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. त्यांच्यावर २०२४ मध्ये हिंदी चित्रपट निघाला, तो योग्यच झाले; तो पाहून आलेल्या तीन जणांनी मला फोन करून ‘तुम्हीही खचू नका’ असे सांगितले. लॅपिडिस यांचे संशोधनही त्याच १९७२ सालचे. त्यावर कोणी चित्रपट काढणार नाही, हे मला समजते. पण पदक सांगणारी आणि नळी न सांगणारी कथा ऐकणाऱ्याला एक चुकीची गोष्ट शिकवते. खुर्चीतला माणूस घरात बसला आहे तो मन खचले म्हणून, असे त्याला वाटते. पुष्कळदा तो घरात बसलेला असतो तो ज्या ठिकाणी जायचे त्या ठिकाणी दाराला कडी नाही म्हणून. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती पडते ते प्रेरणादायी पुस्तक म्हणून. मी ते अपघातानंतर पुन्हा हाती घेतले ते माहितीसाठी: एक बाई खुर्चीतून कुठे, कशी, कोणाच्या मदतीने गेली. पुस्तक तेच होते, पण वाचणारी बदलली होती. समीक्षेत या प्रकारच्या वाचनाला काय म्हणतात मला माहीत नाही.

या विषयावर लिहिणार आहे असे म्हटल्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. ‘हा शौचकूपाचा प्रश्न आहे, साहित्याचा नव्हे. सार्वजनिक बांधकाम खात्याला लिहा.’ आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे; सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशी राहता कामा नयेत, बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुडी यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे. दरवाजा नव्वद सेंटिमीटर हवा, हे काही कवितेने ठरणार नाही. परंतु त्या महाविद्यालयात दरवाजा पुरेसा रुंद होता. उतार होता. नळ होता. नव्हते ते एवढेच की माझ्या आणि त्या सज्जन संयोजकांच्या दरम्यान या गोष्टीविषयी बोलण्याजोगी मराठी नव्हती. मी ‘सोय’ म्हटले, त्यांनी ‘सोय’ ऐकले, आणि दोघेही सुसंस्कृतपणे गप्प राहिलो. बांधकाम खाते त्याला काय करणार? भाषेवर उपजीविका करणारे आपणच आहोत. तेव्हा हा विषय आपल्या पानावर नाही, तर कुठे?

दुसरा आक्षेप माझा मीच घेते. सगळे उघड सांगावे लागणे हीही एक हिंसा नाही का? चालता येणाऱ्या वक्त्याला त्याच्या मूत्राशयाचा हिशेब संयोजकाला द्यावा लागत नाही. मीच का द्यावा? याचे समाधानकारक उत्तर माझ्याजवळ नाही. परावलंबनात खासगीपणाची व्याख्या बदलते, एवढेच मला अनुभवाने कळले आहे. माझे जे सर्वांत खासगी, ते माझ्या नवऱ्याला, एका परिचारिकेला, त्या मावशींना ठाऊक आहे. न सांगून मी ते राखते असे नाही. न सांगून मी फक्त ते माझ्या हातून निसटू देते, मंचावर, टाळ्यांच्या गजरात.

म्हणून अलीकडे निमंत्रण आले की मी एक पत्र पाठवते. त्याचा मसुदा करायला मला तीन दिवस लागले; पीएच.डी.च्या प्रबंधातील एखादे प्रकरण याहून लवकर झाले होते. ‘प्रसाधनगृह’ लिहावे तर लोक आरसा दाखवतात. ‘स्वच्छतागृह’ लिहिले की ‘आहे’ असे एका शब्दात उत्तर येते. ‘लघवी’ हा शब्द शेवटी ठेवला. दवाखान्यात तो चालतो, मग पत्रात का चालू नये? पत्र असे: मला दर चार तासांनी लघवीसाठी नळी वापरावी लागते, त्यासाठी पंधरा-वीस मिनिटे लागतात, माझी खुर्ची पंचवीस इंच रुंद आहे, कृपया दार मोजून कळवावे, आतून कडी लागते का पाहावे, मंचाला पायऱ्या असतील तर मी खालूनच बोलेन, आणि माझी वेळ झाली की मी उठून जाईन, मग कोणाचेही भाषण चालू असो. ‘उठून जाईन’ हा शब्द तसाच राहिला आहे, तो मी बदललेला नाही.

पत्र पाठवल्यावर दोन ठिकाणांहून उत्तरच आले नाही. एका ठिकाणी ‘आपल्या प्रकृतीचा विचार करता दूरभाष्यप्रणालीने मार्गदर्शन करावे’ असे आले. परवा रात्री मात्र एका लहान गावातील मराठीच्या तरुण प्राध्यापकाचा फोन आला. आधी बराच वेळ हवापाण्याचे बोलला, मग म्हणाला, ‘मॅडम, टेप लावून मोजलं. बत्तीस इंच भरलं. कमोड आहे, नळाला पाणी आहे. पण कडी गंजलीय, आतून बसत नाही. उद्या सुताराला बोलावलंय.’ मग थोडे थांबून, ‘आणि मॅडम, लघवीचं ते वेळापत्रक मी कार्यक्रमपत्रिकेच्या माझ्या प्रतीवर लिहून घेतलंय. अध्यक्षांना मी सांगतो, तुम्ही काळजी करू नका.’

कार्यक्रम येत्या गुरुवारच्या पुढच्या गुरुवारी आहे. दिवस सरकवायला मी कालपासून सुरुवात केली आहे.